ऐंशी दिवसांची कादंबरी ऐंशी दिवसांत: पुनर्वाचन आणि अभिवाचन

ज्यूल्स व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ ही कादंबरी आपल्याकडे बहुतेकांनी एकदाच वाचलेली असते, आणि तीही शाळेच्या वयात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एखाद्या संक्षिप्त अनुवादातून. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवले, त्यामुळे त्याची ओळख जुनी असते. पण तीस-चाळीस वर्षांनी विचारले, तर आठवतात ते हत्ती, चिता आणि एक मोठा फुगा. यांपैकी फुग्याचा प्रवास पुस्तकात नाहीच. तो १९५६ सालच्या इंग्रजी चित्रपटातून आपल्या आठवणीत शिरला आहे. म्हणून ही कादंबरी पुन्हा वाचून अनोळखी मंडळींना ऐकवण्याची ज्याला इच्छा असेल, त्याने सर्वप्रथम पूर्ण ३७ प्रकरणांची प्रत मिळवावी. व्हर्नचे निधन १९०५ साली झाले असल्याने मूळ फ्रेंच पुस्तक आणि १८७३ सालचा टाउल यांचा इंग्रजी अनुवाद हे दोन्ही आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. मराठी अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे जाहीर वाचनात लहान उतारे घेण्यास हरकत नसली, तरी सगळे पुस्तक वाचायचे असल्यास प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी घेणेच योग्य होय.

पहिले पुनर्वाचन एकट्याने, हातात पेन्सिल घेऊन करावे. ही साहसकथा असली तरी तिचा सांगाडा रेल्वेच्या वेळापत्रकाचा आहे, ही गोष्ट लहानपणी लक्षात येत नाही. लंडनच्या रिफॉर्म क्लबात पत्ते खेळताना वृत्तपत्रातला जो हिशेब वाचला जातो, तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावा: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, कलकत्ता ते हाँगकाँग १३, तेथून योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यू यॉर्क ७ आणि परत लंडन ९. हे वृत्तपत्र फ्रेंच प्रतीत एक आणि टाउलच्या प्रतीत दुसरेच आहे, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी वेगळी प्रत घेऊन आला, तर वाद होऊ नये म्हणून हे आधीच ठाऊक असलेले बरे. पुढे वाचताना, ऐंशी दिवसांत जगाची फेरी पूर्ण करण्याची पैज लावणारा नायक फिलिआस फॉग प्रत्यक्षात कुठे कोणत्या तारखेला पोहोचतो, ते समोर लिहीत जावे. मुंबईला तो २० ऑक्टोबरला, म्हणजे दोन दिवस आधी उतरतो आणि कलकत्त्याला २५ तारखेला ठरल्या दिवशीच हजर होतो; मधल्या प्रवासात ते दोन दिवस कसे खर्ची पडले, हे वहीत डोळ्यांसमोर दिसते आणि त्या प्रकरणांतला ताण आपल्याला नव्याने कळू लागतो.

दुसऱ्या पानावर दोनच नोंदी ठेवाव्यात. एक फॉगचा नोकर पासपार्तू याच्या खोलीत जळत राहिलेल्या गॅसच्या दिव्याची, ज्याचा खर्च दर चोवीस तासांना दोन शिलिंग, म्हणजे त्या बिचाऱ्याच्या रोजच्या कमाईपेक्षा सहा पेन्स जास्त आहे. दुसरी नोंद त्याच्या घड्याळाची. सुएझमध्ये फॉगच्या मागावर असलेला गुप्तहेर फिक्स त्याला सांगतो की घड्याळ लंडनच्या वेळेवर आहे आणि दोन तास मागे पडले आहे. भारतात सहप्रवासी असलेले लष्करी अधिकारी सर फ्रान्सिस क्रोमार्टी तेच सांगतात. पॅसिफिक महासागरावर त्या घड्याळाचे आणखी काही होते. दर वेळी हा भला माणूस काटे हलवायला नकार देतो, आणि वाचक हसून पुढे जातो. व्हर्नने आपल्याला किती उघडपणे, चक्क तीन-तीनदा, सगळे सांगून ठेवले होते, हे दुसऱ्या वाचनातच समजते. शेवट काय होतो ते या लेखात लिहीत नाही, कारण ज्यांच्यासमोर आपण वाचणार आहोत त्यांच्यातल्या काहींना तो ठाऊक नसतो, आणि ती सवय येथूनच लावून घेतलेली चांगली.

अनोळखी श्रोते मिळवण्यासाठी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. ग्रंथपालांना भेटून आठवड्यातून एक संध्याकाळ मागावी, आणि फलकावर कार्यक्रमाची माहिती लिहिताना ‘पुस्तक वाचून येण्याची गरज नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत लिहावे, कारण लोक बहुतेक वेळा या एका भीतीनेच येत नाहीत. दहा-बारा माणसे पुरेशी होतात. वीसांच्या वर गेल्यास माईक लागतो, आणि माईक आला की श्रोते बोलायचे थांबतात, असा माझा अनुभव आहे.

कार्यक्रम कादंबरीच्याच पंचांगाने आखावा, ही या लेखातली मुख्य सूचना. फॉग २ ऑक्टोबर १८७२ रोजी लंडन सोडतो आणि त्याला २१ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊला क्लबात परत यायचे असते. पॅरिसच्या ‘ल तां’ या दैनिकात ही कथा त्याच वर्षी ६ नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत क्रमशः छापली जात होती, म्हणजे तेव्हाच्या वाचकांसाठी शेवटचे दिवस आणि कथेतले दिवस जवळजवळ एकत्र येऊन थांबले. आपल्याला तर २ ऑक्टोबरची सुट्टी आयतीच मिळते. त्या दिवशी पहिली चार प्रकरणे वाचून सुरुवात करावी, पुढे दर आठवड्याला सरासरी तीन प्रकरणे घ्यावीत, आणि दिवाळीचा आठवडा सरळ सोडून द्यावा, कारण त्या आठवड्यात फराळ सोडून कोणी येत नाही. भिंतीवर जगाचा नकाशा लावून आज फॉग कुठे असेल तिथे टाचणी टोचण्याचे काम प्रत्येक वेळी वेगळ्या श्रोत्याकडे द्यावे. ओळख नसलेल्या माणसांना एकमेकांशी बोलायला असे एखादे काम पुरते.

भारतातली प्रकरणे, म्हणजे दहा ते पंधरा, दोन बैठकांत विभागून सावकाश वाचावीत, कारण मराठी श्रोता येथे पाहुणा राहत नाही, परीक्षक होतो. फॉगला मुंबईत काहीच पाहायचे नसते. घारापुरीची लेणी नकोत, कान्हेरीची नकोत, तो थेट स्टेशनवर जाऊन जेवायला बसतो आणि ताटातला ससा म्हणजे मांजर असावे असा संशय शांतपणे बोलून दाखवतो. पासपार्तू मात्र मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन अनवाणी पळतो. हे वाचून झाल्यावर थोडे थांबावे. त्या वेळी आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभे राहिले नव्हते, जुने बोरीबंदर होते, हे सांगितले की कोणीतरी हटकून आपल्या आजोबांची गोष्ट काढते. गाडी कल्याण ओलांडून घाट चढते, मग मालेगावचा उल्लेख येतो, वेरूळचा येतो, औरंगाबादचा येतो. पण त्या मुलखाचे वर्णन करताना व्हर्नच्या हाती जी पुस्तके होती ती ठगांच्या कथांनी भरलेली असावीत, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

येथे वाचकाने लाजू नये आणि लेखकाला पाठीशीही घालू नये. मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग १८७० सालीच जबलपूरमार्गे पूर्ण झाला होता. अलाहाबादच्या अलीकडे पन्नास मैल रूळच नाहीत आणि ‘खोल्बी’ नावाच्या खेड्यात गाडी संपते, ही व्हर्नची सोयीस्कर कल्पना आहे, कारण त्याला हत्ती हवा होता. औदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, आणि तिला बुंदेलखंडच्या राजाबरोबर सती जायला लावतात. पारशी समाजात सतीची चाल नव्हती, आणि बंगाल इलाख्यात १८२९ सालीच सतीला कायद्याने बंदी झाली होती. या चुका प्रकरण वाचून झाल्यावरच सांगाव्यात. आधी सांगितल्या तर श्रोते गोष्ट ऐकत नाहीत, चुका मोजत बसतात. मुळीच सांगितल्या नाहीत तर एखादा तरुण श्रोता ते सगळे खरे मानून घरी जातो. पुढे अमेरिकेत गाडीवर होणाऱ्या सू या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांच्या हल्ल्याबाबतही हाच नियम पाळावा.

प्रत्यक्ष वाचनाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फॉगचा आवाज कधीही चढवू नये, त्याचे संवाद बँकेतला कारकून रक्कम वाचून दाखवतो तसे वाचावेत. पासपार्तूला सगळी धावपळ द्यावी. हत्तीच्या खरेदीचा प्रसंग दोघांनी मिळून वाचला तर फारच रंगतो, कारण फॉग आधी तासाला १० पौंड भाडे देऊ करतो, मग २०, मग ४०, आणि शेवटी हत्ती विकतच घेतो. १००० पौंडांपासून चढत चढत भाव २००० वर जातो आणि फॉगच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. अमेरिकेतले मॉर्मन पंथाच्या इतिहासाचे प्रकरण संक्षिप्त प्रतींतून बहुधा गाळलेले असते, आणि खरे सांगायचे तर ते बैठकीत गाळले तरी चालते. बर्फावरून शिडाच्या गाडीने ओमाहापर्यंत केलेला प्रवास मात्र गाळू नये.

शेवटच्या बैठकीचे गणित आधी घड्याळ लावून घरी करून पाहावे. छत्तिसाव्या प्रकरणात क्लबातले मित्र दिवाणखान्यातल्या घड्याळाकडे बघत सेकंद मोजतात. ते प्रकरण २१ डिसेंबरच्या रात्री अशा वेळी सुरू करावे की शेवटच्या ओळीला वाचनालयाच्या भिंतीवरचे घड्याळही पावणेनऊ दाखवेल. त्यानंतर पाच मिनिटे चहासाठी थांबावे, आणि सदतिसावे प्रकरण मगच उघडावे. वाचनालय एरवी आठला बंद होत असेल, तर त्या रात्रीपुरती किल्ली मागण्याचा अर्ज नोव्हेंबरातच देऊन ठेवावा.