खाली थेंब नाही, तरी कुलंट कमी

माझ्या १७ वर्षांच्या डिझेल गाडीचं कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) दर आठवड्याला बोटभर कमी व्हायचं. पार्किंगमध्ये मात्र खाली एक थेंब नाही. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला, तेव्हा पोटात गोळाच आला.

आधी वाटलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. पण ऑइल स्वच्छ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. मग गार इंजिनावर (गरम असताना कुलंटचं झाकण कधीच उघडू नका, वाफेने तोंड भाजतं) प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब देऊन गळती शोधायचा पंप, लावून घेतला. झाकणावर १.१ बार लिहिलंय, तेवढाच दाब दिला. दहा मिनिटांत टेस्टरचा काटा ०.८ वर, म्हणजे गळती होतीच! टॉर्च मारून शोधलं, तर कुलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशी हिरवट खार जमलेला. ते भोक त्यासाठीच असतं. आतलं सील झिजलं की कुलंट तिथून पाझरतं. गरम ब्लॉकवर ते वाळून जायचं, म्हणून जमीन कोरडी.

हे भोक एम-सील लावून बुजवू नका, पंपच बदला. मी पंपाचं गॅस्केट आणि फुगलेला खालचा होजही (रबरी पाइप) बदलला. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हीटर फुल ठेवून आत अडकलेली हवा काढली. तीन महिने झाले, पातळी खुणेवरून हललेली नाही.