पीव्हीए आणि ग्राफीन ऑक्साइडचं मिश्रण रिओमीटरवर मोजताना

रिओमीटरवर, म्हणजे दोन प्लेटांमध्ये द्रव फिरवून त्याचा घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रावर, एकाच बीकरमधला नमुना सकाळी एक आकडा द्यायचा आणि दुपारी दुसरा. पहिल्या वर्षी मला याचा उलगडाच होईना. सकाळी मी नमुना प्लेटवर घालून लगेच मोजणी सुरू करायचे, दुपारी मात्र तो तसाच प्लेटमध्ये ठेवून डबा खायला जायचे. फरक तेवढाच होता.

ग्राफीन ऑक्साइडचा (ऑक्सिजनचे गट जोडलेल्या कार्बनचा) पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाड आणि काही मायक्रॉन रुंद असतो. मिश्रण वाहू लागलं की हे पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि मिश्रण पातळ वागतं. स्वस्थ ठेवलं की पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) साखळ्यांशी हायड्रोजन बंध जुळून जाळं पुन्हा बांधलं जातं. त्यामुळे नमुन्याचा मागचा तासभर कसा गेला, हे तुमच्या हातात असायला हवं.

आधी पीव्हीए. 8 ग्रॅम पावडर 92 ग्रॅम गार पाण्यात भुरभुरत घाला. गरम पाण्यात टाकली तर पिठल्यात होतात तशा गाठी होतात, बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या, आणि त्या तासन्‌तास सुटत नाहीत. पावडर भिजली की झाकण ठेवून 90 अंशांवर मंद ढवळत राहा. द्रावण स्वच्छ पारदर्शक झालं की गार करा, पुन्हा वजन करा आणि उडालेलं पाणी भरून काढा. हे शेवटचं वजन कृपा करून टाळू नका.

ग्राफीन ऑक्साइड 4 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर घ्या. हमर्स पद्धतीने (ग्रॅफाइटचं तीव्र आम्लात ऑक्सिडीकरण करून) स्वतः बनवलं असेल तर आम्ल नीट धुऊन काढा. पीएच उतरला की पापुद्र्यांवरचा ऋण भार कमी होतो, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि पीव्हीए घालताच मिश्रण जेलसारखं थिजू शकतं. पीएच वहीत लिहाच. सोनिकेटरची (ध्वनिलहरींनी पापुद्रे सुटे करणाऱ्या यंत्राची) वेळही ठरलेली ठेवा, कारण जास्त वेळ चालवला तर पापुद्रे तुटून लहान होतात आणि व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) खाली येते.

दोन्ही द्रावणं खोलीच्या तापमानाला आल्यावर समान वजनाने मिसळा. म्हणजे 4 टक्के पीव्हीए आणि साधारण 2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ग्राफीन ऑक्साइड. बुडबुडे निघून जायला बाटली रात्रभर बंद ठेवा. सोबत नुसतं 4 टक्के पीव्हीए आणि नुसतं 2 मिलिग्रॅमचं ग्राफीन ऑक्साइडही ठेवा. ही दोन नसतील तर व्हिस्कॉसिटीतली वाढ कशामुळे झाली, हे सांगता येत नाही.

आता मोजणी. मी 40 मिलिमीटर व्यासाची समांतर प्लेट, दोन प्लेटांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर आणि 25 अंश तापमान घेते. नमुना पाऊण मिलिलिटरच्या आतच लागतो, तो रुंद तोंडाच्या ड्रॉपरने घाला. बारीक सुईतून ढकललात तर तिथेच जाळं मोडतं. वरची प्लेट सावकाश उतरवा, कडेला आलेलं पुसा आणि पाणी उडू नये म्हणून सॉल्व्हेंट ट्रॅप लावा.

मग 100 प्रति सेकंद शिअर रेटवर (द्रवाचे थर एकमेकांवरून सरकण्याच्या दरावर) एक मिनिट फिरवा, म्हणजे आधीचा सगळा इतिहास पुसला जातो. त्यानंतर 1 टक्का स्ट्रेन (विरूपण) आणि 1 हर्ट्‌झवर हलकं दोलन देत साठवण-गुणांक, म्हणजे जी-प्राइम (जाळं किती ताठ आहे याचं माप), पाहत बसा. तो चढत जाऊन स्थिर झाला की नमुना तयार. किती वेळ थांबायचं, हे नमुनाच सांगतो. आधी ॲम्प्लिट्यूड स्वीप (स्ट्रेन हळूहळू वाढवत नेणारी चाचणी) घेऊन 1 टक्का रेषीय पट्ट्यात, म्हणजे जाळं न मोडणाऱ्या मर्यादेत, आहे ना, ते तपासलेलं असावं.

प्रवाह-वक्र, म्हणजे शिअर रेटनुसार व्हिस्कॉसिटी कशी बदलते याचा आलेख, यानंतर. शिअर रेटमध्ये 0.01 पासून 100 प्रति सेकंदपर्यंत चढा आणि त्याच वाटेने उतरा. 0.01 वर एक एकक स्ट्रेन व्हायलाच 100 सेकंद लागतात, म्हणून खालच्या टोकाला घाई नको. चढ आणि उतार एकमेकांवर बसले नाहीत तर प्री-शिअर (सुरुवातीचं तेच एक मिनिट फिरवणं) देऊन, पूर्वीइतकंच थांबवून पुन्हा मोजा. आकडा मूळ जागी आला तर ते जाळ्याचं मोडणं-बांधणं, थिक्सोट्रॉपी. वरच राहिला तर बहुधा पाणी उडालंय, तो नमुना फेकून द्या. माझ्या दुपारच्या आकड्यांचा निकाल याच चाचणीने लागला.

शंका राहिली तर अंतर 1 मिलिमीटर करून बघा. वक्र बदलला तर प्लेटलगत मिश्रण घसरतंय. खरबरीत प्लेट लावा.

प्लेट लगेच कोमट पाण्याने पुसा. पीव्हीएचा पापुद्रा वाळला तर तो काढायला कडक गरम पाणी आणि बरीच चिकाटी लागते.