परदेशी जुनी गाडी घेताय? आधी बिल ऑफ एंट्री बघा

आरसी बुक आहे म्हणजे गाडी कायदेशीर, असं धरून चालू नका. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. म्हणून विकणाऱ्याकडे कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी देशात आणताना कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद, मागा आणि चासी नंबर गाडीवर स्वतः वाकून ताडून बघा. (‘एजंटकडे आहे’ म्हणाला, की सरळ घरी या.) सप्टेंबर २०२५ मध्ये भूतानमार्गे आलेल्या गाड्यांसाठी केरळात कस्टम्सने छापे घातले, तेव्हा ज्यांच्या दारात गाड्या होत्या त्यांच्याकडूनच त्या उचलल्या. सीमाशुल्क कायदा १९६२च्या कलम १११ खाली गाडी सरकारजमा होऊ शकते, शिवाय दंड वेगळा.