देवमासे, डॉल्फिन आणि सील पाहायचे असतील तर

देवमासे पाहायचे म्हटले की बहुतेकजण आधी बोटीचे तिकीट शोधू लागतात. माझ्या मते सहलीचा पहिला दिवस समुद्रात घुसलेल्या एखाद्या उंच कड्यावर घालवावा. डोळे पाण्यापासून ३ मीटर उंचीवर असतील तर क्षितिज सुमारे ६ किलोमीटरवर असते. ३० मीटर उंचीवरून ते जवळजवळ २० किलोमीटरपर्यंत लांबते, आणि पायाखालची जमीन हलत नसल्याने दुर्बीणही स्थिर राहते. दक्षिण आफ्रिकेतील हर्मानस येथे साधारण जून ते नोव्हेंबर या काळात सदर्न राइट जातीचे देवमासे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात, तर अलास्का आणि मेक्सिको यांच्या दरम्यान ये-जा करणारे करडे देवमासे कॅलिफोर्निया व ओरेगनच्या भूशिरांवरून दिसतात. हंगाम मात्र जागेनुसार आणि जातीनुसार बदलतो, त्यामुळे तो पाहिल्याशिवाय तारखा पक्क्या करू नयेत.

हवामानाचा अंदाज पाहताना पावसापेक्षा वाऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे. लाटांच्या माथ्यांवर सर्वत्र पांढरा फेस दिसू लागला की त्यात डॉल्फिनचा पर ओळखणे जवळपास अशक्य होते. ढगाळ पण शांत दिवस उत्तम, कारण पाण्यावर चकाकी नसते.

दुर्बीण लगेच डोळ्यांना लावणे ही नवख्यांची नेहमीची सवय. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजापासून जवळच्या पाण्यापर्यंत सावकाश नजर फिरवावी, काही हलले तरच दुर्बीण उचलावी. बोटीवर सात-आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते. त्याहून अधिक शक्तीच्या दुर्बिणीत हातांची थरथरही तितकीच मोठी होते. समुद्रपक्षी एकाच जागी वारंवार सूर मारत असतील तर तिथे माशांचा थवा असतो आणि त्याच्यामागे डॉल्फिन असण्याची शक्यता बरीच असते.

मोठ्या देवमाशाची पहिली खूण म्हणजे त्याच्या श्वासाचा फवारा, आणि त्याचा आकार नीट पाहिला तर जातीचाही अंदाज बांधता येतो. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ, उंच, सुमारे ९ मीटरपर्यंत जातो. राइट देवमाशाचा फवारा दोन फाट्यांत विभागलेला दिसतो. स्पर्म देवमाशाचे श्वासछिद्र डोक्याच्या टोकाशी डावीकडे असल्याने त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कललेला असतो. (फवाऱ्यावरून वारा आपल्याकडे येत असेल तर वासही येतो, आणि तो मुळीच सुखद नसतो.) देवमासा खाली गेल्यावर शेपटीच्या हिसक्याने पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल उमटतो. हम्पबॅक जातीचा देवमासा बहुधा काही मिनिटांत पुन्हा वर येतो, तेव्हा त्या गोलाच्या आसपास नजर ठेवावी. स्पर्म देवमाशाने शेपटी उंच करून बुडी मारली असेल, तर पाऊण तास वाट पाहण्याची तयारी हवी.

बोटीने जायचेच असेल तर ती चालवणाऱ्याचे वर्तन पाहून निवडावी. अनेक देशांत देवमाशांपासून सुमारे १०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. पिल्लू सोबत असल्यास काही ठिकाणी ते आणखी वाढते. चांगला नावाडी समोरून वाट अडवत नाही की मागून पाठलाग करत नाही, तर बाजूने, समांतर आणि मंद गतीने जातो. त्यानंतर डॉल्फिन आपणहून बोटीच्या पुढच्या टोकाशी खेळायला आले, तर वेग आणि दिशा न बदलता चालत राहावे. बोट लागण्याचा त्रास असेल तर औषध निघण्यापूर्वीच घ्यावे, मध्यभागी बसावे आणि क्षितिजाकडे पाहावे. प्राणी दिसल्यावर बोटीचे पुढचे टोक म्हणजे बारा, असे धरून घड्याळाच्या भाषेत दिशा सांगितली की इतरांनाही तो वेळेत सापडतो.

सीलसाठी ओहोटीची वेळ गाठावी, कारण तेव्हा उघड्या पडलेल्या खडकांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर ते विसावतात. कानाची पाळी दिसत असेल आणि प्राणी वल्ह्यांसारख्या चारही पायांवर चालत असेल तर तो समुद्रसिंह किंवा फर सील. पाळी नसेल आणि तो पोटावर सरपटत असेल तर खरा सील. डोके व शेपटीकडचे पाय वर करून केळ्याच्या आकारात पडलेला सील आरामात असतो. परंतु कळपातील अनेकांनी माना उचलून तुमच्याकडे पाहायला सुरुवात केली, तर तिथेच थांबून हळूहळू मागे सरावे. पुढे गेल्यास सगळा कळप पाण्याकडे धावतो आणि त्यात पिल्ले चिरडली जाऊ शकतात. किनाऱ्यावर एकटे दिसणारे पिल्लू बहुधा पोरके नसते, त्याची आई अन्नासाठी समुद्रात गेलेली असते. त्याला पाण्यात ढकलू नये, हात लावू नये, कुत्रा जवळ नेऊ नये. ते जखमी वाटत असेल तर दूर उभे राहून स्थानिक वन्यजीव बचाव पथकाला फोन करावा आणि ते येईपर्यंत इतरांनाही लांब ठेवावे.