आइड, आइट की एट? आयनचं नाव ओळखायची सोपी पद्धत

सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट. ही आयनची, म्हणजे विद्युत चार्ज असलेल्या अणूंची किंवा अणूंच्या गटांची नावं. ऐकायला जवळजवळ सारखं, पण पदार्थ पूर्ण वेगळे, आणि नववी-दहावीच्या मुलांचे मार्क इथेच जातात. नाव आख्खं पाठ करण्यापेक्षा त्याचा शेवट बघायची सवय लावा.

शेवटी आइड असेल तर ते मूलद्रव्य एकटंच आहे, सोबत ऑक्सिजन नाही. क्लोराइड, सल्फाइड, नायट्राइड. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे अपवाद, ते सरळ पाठ करा.

आता खरी गंमत. आधी फक्त एट वाले पाच पक्के करा: नायट्रेट, कार्बोनेट आणि क्लोरेटमधे ऑक्सिजनचे अणू ३, सल्फेट आणि फॉस्फेटमधे ४. एट म्हणजे नेहमी ४ असं खूप जण धरून चालतात आणि तिथेच फसतात. मग त्यातला एक ऑक्सिजन कमी केला की आइट, म्हणजे नायट्राइटमधे २ आणि सल्फाइटमधे ३, पण चार्ज तोच राहतो, सल्फेटवर उणे २ तर सल्फाइटवरही उणे २, हे विसरलात तर पुढची सगळी सूत्रं चुकणार. क्लोरीनची तर पूर्ण शिडीच आहे: परक्लोरेट ४, क्लोरेट ३, क्लोराइट २, हायपोक्लोराइट १. गावच्या विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरमधे काम करतो तो हाच हायपोक्लोराइट.

अ‍ॅसिडचं नाव यावरूनच निघतं. एट चं इक, आइट चं अस, म्हणून सल्फेटचं सल्फ्युरिक आणि सल्फाइटचं सल्फ्युरस. आइड असेल तर पुढे हायड्रो लावून मागे इक, जसं क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक.

धातूंनाही अस आणि इक लागतात पण अर्थ वेगळा, अस म्हणजे कमी चार्ज, इक म्हणजे जास्त. लोखंडाचं फेरस २, फेरिक ३, पण तांब्याचं क्युप्रस १ आणि क्युप्रिक २, म्हणजे आकडा ठरलेला नाही. म्हणूनच आता आयर्न टू, कॉपर टू असं रोमन आकडा लावून लिहितात आणि मला तरी तेच बरं वाटतं. हिराकस म्हणजे आयर्न टू सल्फेट, मोरचूद म्हणजे कॉपर टू सल्फेट, कुठे शंकाच नाही.

एक जागा मात्र सांभाळा. परमँगनेटमधे पर आहे म्हणून मँगनेटपेक्षा एक ऑक्सिजन जास्त लिहू नका, दोन्हीत ४च असतात, फरक चार्जचा, मँगनेट उणे २ आणि परमँगनेट उणे १.