पूर ओसरल्यावर घरदुरुस्तीचं कर्ज: आधी काय, मग काय

गाळ काढायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढा. जमिनीपासून रेषेपर्यंत मापाची टेप धरा, आकडा फोटोत वाचता आला पाहिजे. दुसरा फोटो बाहेरून, घर नंबर दिसेल असा. पुण्यात आंबिल ओढ्याकाठी सप्टेंबर 2019 मध्ये किंवा एकतानगरीत जुलै 2024 मध्ये पाणी शिरलं, तशा वेळी माणूस आधी झाडू हातात घेतो. साहजिक आहे, पण पंचनामा, विमा आणि कर्ज, तिन्हीकडे हाच पुरावा लागतो आणि तो एकदा धुतला की गेला.

पंचनाम्याची प्रत मागून घ्या. 2022 ते 2026 च्या आपत्ती मदतीच्या निकषांत पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1,20,000 रुपये होते. अंशतः पडझडीला, तीही किमान 15 टक्के असेल तर, 6,500. म्हणजे नुसतं पाणी शिरलेल्या घराचा बराचसा खर्च स्वतःच उभा करावा लागतो.

आधीचं गृहकर्ज चालू असेल तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हप्ते पुढे ढकलून मिळाले तरी व्याज थांबत नाही. 8 लाख बाकी आणि 9 टक्के दर असेल तर तीन महिन्यांचे साधारण 18,000 रुपये मुद्दलात चढतात. म्हणून गरज आहे तेवढेच महिने मागा.

भिजलेले कागद उन्हात टाकू नका, इस्त्री तर नकोच. कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून पंख्याखाली वाळवा. वर्तमानपत्राची शाई उतरते. करारनामा गेलाच असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची आणि इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्याची, प्रमाणित प्रत मिळते.

कर्ज कोण देणार, हे घराच्या कागदावर ठरतं. मिळकत पत्रिका किंवा नोंदणीकृत करारनामा असेल तर आधी बँक, आणि जुनं गृहकर्ज असेल तर त्यावरच टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज. धनकवडी, धायरीकडच्या गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटवरच्या, घराला नियमितीकरणाचा दाखला नसेल तर बँका सहसा नाही म्हणतात. झोपडपट्टीतलं फोटोपासवरचं घर तारण राहत नाही. तिथे बचत गट, पतसंस्था किंवा मायक्रोफायनान्स, म्हणजे तारणाशिवाय छोटं कर्ज देणाऱ्या संस्था. मायक्रोफायनान्सला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत लागतं आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ही मर्यादा अधिकाऱ्यावर सोडू नका, स्वतः मोजा. 1 लाखाला दोन वर्षांसाठी 12 टक्क्यांनी हप्ता 4,707 पडतो, 24 टक्क्यांनी 5,287. शेवटी सुमारे 13,900 रुपये जास्त जातात. आधी पतसंस्थेत विचारा.

नदीकाठचं घर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारने आखलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत आहे का, हे प्रक्रिया शुल्क भरायच्या आधी महापालिकेकडे तपासा. अर्ज नाकारला तरी ते शुल्क बहुधा परत मिळत नाही.

पंतप्रधान आवासच्या नावाने दुरुस्तीचं कर्ज काढून देतो असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. शहरी आवास योजना 2.0 मधली व्याज सवलत घर घ्यायला किंवा बांधायला आहे, तीही ज्यांचं देशात कुठेच पक्कं घर नाही त्यांना. घर पूर्ण गेलं असेल तर मात्र महापालिकेत जाऊन विचाराच.

अंदाजपत्रकात वायरिंग, दारं-चौकटी, प्लास्टर, रंग असे वेगळे आकडे लिहून घ्या आणि रक्कम दोन टप्प्यांत मागा. पहिल्यात वायरिंग आणि दारं. ओल्या भिंतीवर प्लास्टर, रंग केला की क्षार वर येतात, पोपडे सुटतात आणि हप्ता फेडत असतानाच तेच काम पुन्हा काढावं लागतं. फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवा. आतून थेंब दिसले तर दुसरा टप्पा अजून उचलू नका. न उचललेल्या रकमेला व्याज लागत नाही.

सहीआधी केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, मागा. त्यात एपीआर, म्हणजे शुल्कांसकट पडणारा वार्षिक दर, लिहिलेला असतो. दोन संस्थांची तुलना त्याच आकड्यावर करा. कर्जासोबत विमा चिकटवला असेल तर तो माणसाचा आहे की घराचा, ते वाचा. पुराला घराचाच लागतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर धरलेला आहे.