घरातल्या संगणकावरचे जुने मायक्रोसॉफ्ट ऑफिस बदलावे का? निर्णयापूर्वी तपासायच्या गोष्टी

इंदूरमधल्या मराठी घरांतला संगणक सहसा एकट्याचा नसतो. सुदामा नगरातल्या आमच्या घरी एकाच यंत्रावर वडिलांनी वंशावळ आणि कुलधर्माची टिपणे लिहिली, आईने भगिनी मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवला, आणि नगर निगमाला द्यायचे हिंदी अर्जही तिथेच टाइप झाले. काही वर्षांपूर्वी आम्ही नवा लॅपटॉप घेतला, दुकानदाराने जुने यंत्र बदल्यात घेऊन त्याची डिस्क पुसून टाकली, आणि घरी येऊन वंशावळीची फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची अर्थहीन रांग होती. फाइल शाबूत होती, वर्डही नवे होते. हरवला होता तो फक्त फॉन्ट. तेव्हापासून कोणी ‘आमचे ऑफिस (म्हणजे वर्ड, एक्सेल वगैरे प्रोग्रामांचा मायक्रोसॉफ्टचा संच) जुने झाले, नवे घेऊ का’ असे विचारले की मी आधी ‘तुमच्या फायली कोणत्या आहेत’ असे विचारतो, कारण या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सुरुवात अर्थातच आवृत्ती ओळखण्यापासून करावी. वर्ड उघडून ‘फाइल’ आणि मग ‘अकाउंट’ येथे गेल्यास २०१३ व त्यानंतरच्या आवृत्तीचे नाव दिसते. २०१० मध्ये ते ‘फाइल’मधल्या ‘हेल्प’खाली असते, तर २००७ मध्ये डाव्या कोपऱ्यातले गोल बटण दाबून ‘वर्ड ऑप्शन्स’मध्ये शोधावे लागते. आता मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या तारखा लक्षात घ्याव्यात. ऑफिस २००७ ची सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबली, २०१० ची ऑक्टोबर २०२० मध्ये आणि २०१३ ची एप्रिल २०२३ मध्ये. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींची मुदत एकाच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज १० चा नियमित आधारही त्याच दिवशी संपला. ऑफिस २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि ऑफिस २०२४ ची ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे.

मुदत संपली म्हणजे प्रोग्राम बंद पडत नाही. वर्ड २००७ आजही उघडते, लिहू देते आणि छापू देते. पण त्यात सापडलेली नवी सुरक्षा त्रुटी यापुढे कोणी दुरुस्त करत नाही. अशा त्रुटी फार उशिरा उघडकीस येऊ शकतात. गणिती समीकरणे लिहिण्याचे ‘इक्वेशन एडिटर’ हे साधन २००० साली तयार केलेल्या स्वरूपात वर्षानुवर्षे ऑफिसमध्ये राहिले. त्यातली गंभीर त्रुटी २०१७ मध्ये जाहीर झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये ते साधनच काढून टाकावे लागले. म्हणून स्वतःला नेमके एवढे विचारावे, की या संगणकावर बाहेरून आलेल्या फायली उघडल्या जातात का? इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रावर कोणी केवळ स्वतःचीच पत्रे लिहीत असेल, तर जुने ऑफिस चालू ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही. ई-मेलने आलेली बिले, मंडळाच्या गटावरून आलेली पत्रके आणि अनोळखी लोकांच्या फायली त्याच यंत्रावर उघडत असतील, तर मात्र मुदत संपलेली, म्हणजे २०१९ किंवा त्याहून जुनी आवृत्ती वापरत राहू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

यानंतर यंत्राकडे पाहावे, आणि हे काम पाच मिनिटांचे आहे. ऑफिस २०१९ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसत नाहीत. ऑफिस २०२४ साठी विंडोज १० किंवा ११ आणि किमान ४ जीबी रॅम लागते. त्यामुळे विंडोज ७ असलेल्या घरात ऑफिस बदलण्याचा प्रश्न खरे तर संगणक बदलण्याचा प्रश्न असतो, आणि त्याचा खर्च वेगळा धरावा लागतो.

आता फायलींकडे वळू. एका सुटीच्या दिवशी सगळ्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, शक्यतो दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि मग त्यांत काय काय आहे ते वहीत लिहून काढावे. मराठी आणि हिंदी मजकुराच्या प्रत्येक फाइलसमोर तिचा फॉन्ट लिहावा. मजकूर निवडला की वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव दिसतेच. मंगल, निर्मला किंवा कोकिळा असे नाव दिसले, तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत आहे, आणि कोणत्याही नव्या प्रोग्राममध्ये तो देवनागरीतच दिसेल. नाव ‘कृतिदेव’ किंवा ‘शिवाजी’ मालिकेतले असेल, तर थांबावे.

या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी केवळ डोळ्यांना दिसते. फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकृती रेखाटतो. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘भारत’ हा शब्द संगणकाच्या लेखी एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे असतात. फॉन्ट काढून घेतला की तीच अक्षरे उघडी पडतात, आणि आमच्या वंशावळीचे नेमके तेच झाले होते. ऑफिसची कितीही नवी आवृत्ती घेतली तरी ती हा मजकूर आपोआप युनिकोडमध्ये बदलत नाही. म्हणून जुने यंत्र हातावेगळे करण्यापूर्वी त्याच्या विंडोज फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर उघडून तिथल्या अशा सर्व फॉन्टांच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. आम्हाला तो फॉन्ट अखेर ग्वाल्हेरच्या आत्याकडच्या जुन्या संगणकावर सापडला, आणि तो बसवताच सात पिढ्यांची नावे जशीच्या तशी परत आली.

फॉन्ट हाती असला की पुढचे काम सवडीने करता येते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने नेमक्या त्याच फॉन्टसाठीचे साधन घ्यावे, आणि रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालावाच. ऱ्हस्व इकार जुन्या पद्धतीत व्यंजनाच्या आधी टाइप होतो आणि रफार नंतर, त्यामुळे चुका तिथे जास्त होतात. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनांतून मराठी मजकूर काढला असेल, तर ‘ळ’ असलेले शब्द आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. आडनावे आणि गावांची नावे तर एकेक करून ताडून पाहावीत, कारण तिथली चूक पुढच्या पिढीला ओळखता येणार नाही.

फॉन्टांखेरीज आणखी काही प्रकारच्या फायली वेगळ्या काढाव्या लागतात. घरात कोणी गणित शिकवत असेल, तर जुन्या प्रश्नपत्रिकांमधली समीकरणे नव्या वर्डमध्ये दिसतात, परंतु ती ज्या साधनात लिहिली होती त्यातच उघडून दुरुस्त करता येत नाहीत, कारण ते साधन आता उरलेले नाही. मंडळाच्या निमंत्रणपत्रिका पब्लिशर या ऑफिसमधल्या पत्रिका मांडण्याच्या प्रोग्राममध्ये केलेल्या असतील, तर पब्लिशरचा आधार ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे हे ध्यानात ठेवून त्या पत्रिका आत्ताच पीडीएफ स्वरूपात काढून ठेवाव्यात. ॲक्सेस या माहिती साठवण्याच्या प्रोग्रामच्या ९७ या आवृत्तीच्या काळातली फाइल असेल, तर ॲक्सेस २०१३ पासून ती उघडतच नाही. ती २०१० किंवा त्याआधीच्या आवृत्तीतून आधी नव्या स्वरूपात बदलून घ्यावी लागते.

एक्सेलचे हिशेब सहसा त्रास देत नाहीत. जुन्या स्वरूपातल्या तक्त्याला ६५,५३६ ओळींची मर्यादा होती आणि २००७ पासून ती १०,४८,५७६ झाली, पण वर्गणीच्या हिशेबाला पहिलीदेखील पुरून उरते. अडचण येते ती उलट दिशेने. पुण्यातल्या मुलीने नव्या एक्सेलमध्ये ‘एक्सलुकअप’ हे सूत्र वापरून तक्ता पाठवला, तर एक्सेल २०१६ मध्ये आकडे दिसतात. मात्र तिथे पुन्हा आकडेमोड झाली की त्या चौकटीत आकड्याऐवजी चूक दाखवणारी खूण येते. अशी देवाणघेवाण नेहमीची असेल, तर नवी आवृत्ती घेण्यासाठी ते एक पुरेसे कारण आहे.

पैसे देण्यापूर्वी एक संध्याकाळ चाचणीसाठी ठेवावी. लिबरऑफिस हा ऑफिससारखीच कामे करणारा दुसरा संच विनामूल्य आहे, तो जुन्या ऑफिसशेजारी बसवता येते आणि त्याचा वापर मराठीतूनही करता येतो. बसवताना वर्ड-एक्सेलच्या फायली त्यातच उघडाव्यात का, असा पर्याय येतो. तूर्त तो निवडू नये. मग वहीतून पाच फायली निवडाव्यात: सर्वांत लांब मजकुराची, तक्ते असलेली, हिशेबाची, एक हिंदी अर्ज आणि एक सादरीकरण. प्रत्येकीचे एक पान आधी जुन्या ऑफिसमधून छापून घ्यावे, त्याच फाइलची प्रत लिबरऑफिसमध्ये उघडून तेही छापावे आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरावेत. ओळी कुठे तुटतात, तक्त्याच्या रेघा सरकल्या का आणि पाने वाढली का, ते तेवढ्यात समजते. युनिकोड मराठीचा फॉन्ट बदललेला दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’ या स्वतंत्र नोंदीत ठरवावा लागतो. आईच्या हिशेबाला आणि पत्रव्यवहाराला हे पूर्णपणे पुरले, आणि माझ्या अनुभवात बऱ्याच घरांना ते पुरते. मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) असलेल्या फायली मात्र त्यात नीट चालतीलच असे धरून चालू नये.

ते पुरत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचे दोन मार्ग उरतात. एकदाच पैसे भरून घेतलेले ऑफिस २०२४ एका संगणकापुरते असते आणि मुदतीपर्यंत सुरक्षा दुरुस्ती मिळते. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे सदस्यत्व दरवर्षी भरावे लागते; त्याच्या कौटुंबिक प्रकारात सहा जणांपर्यंत प्रत्येकाला १ टीबी ऑनलाइन जागा मिळते. सदस्यत्व संपले की फायली वाचता आणि छापता येतात, पण त्यांत बदल करता येत नाही, ही गोष्ट वृद्ध आईवडिलांच्या संगणकावर ते बसवण्यापूर्वी मुलांनी त्यांना समजावून सांगायला हवी. एकाच माणसाला महिन्यातून चार पत्रे लिहायची असतील, तर मी सदस्यत्व सुचवणार नाही. घरात शिकणारी मुले असतील आणि फोटो साठवायला जागाही हवी असेल, तर तेच सोयीचे ठरते.

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा इंटरनेटवर खरेदी करण्यापूर्वी लॅपटॉपच्या खोक्यावर आणि पावतीवर काय लिहिले आहे ते जरूर पाहावे. अनेक लॅपटॉपांबरोबर ऑफिसची प्रत आधीच दिलेली असते आणि ती त्या यंत्राशी व मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी बांधलेली असते. खात्याचा पासवर्ड विसरल्यामुळे लोक तीच वस्तू दुसऱ्यांदा विकत घेतात. तीनचारशे रुपयांत मिळणारी ‘कायमची की’, म्हणजे ऑफिस चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक, घेऊ नये. अशा किल्ल्या बऱ्याचदा कुठल्या तरी संस्थेच्या सामूहिक परवान्यातल्या असतात आणि त्या रद्द झाल्या की विक्रेता सापडत नाही.

नवे काहीही बसवले, तरी जुने यंत्र लगेच विकू नये. वहीतल्या प्रत्येक फाइलसमोर ‘नव्यात उघडली, छापली, तपासली’ अशी खूण होईपर्यंत ते कोपऱ्यात चालू स्थितीत असू द्यावे. आमच्याकडे शेवटची खूण झाली ती वडिलांच्या कुलधर्माच्या टिपणांसमोर, दीड महिन्याने, आणि तोपर्यंत दोन फायलींसाठी आत्याचा तो संगणक पुन्हा सुरू करावा लागला होता.